गुलाबी रंगाची भीती

माझी बाळं जन्मली तेव्हा मला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. गुलाबी बाळ म्हणजे ठणठणीत, आणि पांढरं पडलेलं बाळ म्हणजे आता काही खरं नाही. या दोन्ही गोष्टी पहिल्या दोन दिवसांतच खोट्या ठरल्या, आणि त्या खोट्या ठरायला माझाच हात कारण झाला. कुणाचं बाळ दिवस भरायच्या आधी आलं असेल आणि ती बाई आत्ता दवाखान्यातल्या कॉटवर बसून त्याच्या रंगाकडे टक लावून बघत असेल, तर तिनं एवढं वाचावं. माझ्याइतकं शहाणं तिनं होऊ नये.

* * *

दुष्काळाचं वर्ष होतं. आमचे हे तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला जायचे, ते दिवेलागणीला परत यायचे. काष्टीच्या घरात दिवसभर मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मला सातवा संपत आला होता. पहिली खेप म्हणून भाऊ मला खर्ड्याकडे माहेरी न्यायला येणार होता, त्याला अजून आठ दिवस होते. पोट एवढं पुढं आलेलं की येता-जाता शेजारणी "जुळं दिसतंय गं" म्हणून चिडवायच्या. मीही हसायचे.

एका सकाळी जोंधळे पाखडता पाखडता मी तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवला. आत्याबाईंनी सूप माझ्या हातातून काढून घेतलं.

"कवापासनं दुखतंय?"

"पहाटेपासून."

"आनि आत्ता सांगतीस व्हय? शिकली-सवरलेली म्हनून आनली तुला!"

मी सातवी पास होते, त्याचा उद्धार घरात महिन्यातून चारदा तरी व्हायचा. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि पदराला हात पुसत मागं सरली. म्हणाली, "दोन हायेत. आनि दिस भरल्यालं न्हाईत. मी हात लावनार न्हाई, नगरला न्या."

यांना निरोप धाडला, पण ते पोचायच्या आत दौंडकडून येणारी पॅसेंजर स्टेशनात लागली. डब्यातल्या बायकांनी एक अख्खा बाक मोकळा करून दिला. आत्याबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि सबंध वाटेत एकच गोष्ट विचारत राहिल्या. सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही असं आमच्याकडे मानतात. म्हणून त्या म्हणायच्या, "आठवा लागला न्हाई ना? परत मोज बरं." मी बोटांवर मोजायचे आणि दर वेळी हिशेब निराळा यायचा. कळेपेक्षा त्या मोजण्यानंच मला जास्त घाम फुटला.

* * *

नगरच्या दवाखान्यात दुपारी मुलगा झाला आणि पाऊण तासानं मुलगी. मुलगा बारीकसा रडला. मुलगी रडलीच नाही, नुसती कण्हली. मला दोघंही नीट दाखवली नाहीत. कापसात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोरून झर्रकन गेलं आणि दार लागलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्या उंच होत्या, बोलायला कमी. म्हणाल्या, "दोघंही साडेतीन पौंडांच्या आतबाहेर आहेत. पहिले तीन दिवस मी काहीही सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका."

त्यांना वाटलं असेल, खोटी आशा नको. पण त्या वाक्यानं माझी जी अवस्था झाली ती मी शत्रूलाही चिंतणार नाही. विचारायचंच नाही म्हटल्यावर माणूस चेहरे वाचायला लागतं. नर्स हसली की बरं, नर्स भराभर चालली की वाईट. बादली आपटली तरी मी उठून दाराकडे बघायचे. ज्या बायका आज त्या जागी आहेत त्यांना माझं सांगणं आहे, विचारा. चार वेळा विचारा. रागावले तर रागावू द्या.

* * *

बाळांची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. तिचं दार अर्ध्यापासून वर काचेचं. आत एकच काचेची पेटी होती, ती दिव्यांनी गरम राहायची. तीत आमच्याहून लहान एक बाळ आधीपासून होतं. म्हणून आमच्या दोघांना एका लोखंडी पाळण्यात शेजारी-शेजारी ठेवलं होतं. अंगभर कापूस, डोक्याला कापूस, आणि प्रत्येकाच्या कडेला मऊ फलालीनच्या कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची एकेक रबरी पिशवी. पाणी निवलं की बदलायचं. दूध मी वाटीत काढून द्यायचं आणि ते ड्रॉपरनं थेंब थेंब पाजायचं. माणसं कमी होती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मला तोंडाला फडकं बांधून आत बसायची परवानगी मिळाली.

त्या खोलीवर राज्य होतं रूथ सिस्टरचं. नगरजवळच्याच एका खेड्यातली, पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई. आवाज असा की पलीकडच्या वॉर्डातले पुरुषसुद्धा उठून बसावेत. ती पायापाशी कापूस बाजूला करायची, अंगठ्यानं बाळाची टाच दाबायची आणि सोडायची. दाबलेली जागा पांढरी होते, मग परत रंग येतो. तो यायला किती वेळ लागतो ते ती ओठांत मोजायची. मुलाचा रंग सोडल्या सोडल्या यायचा. मुलीचा येता येत नसे.

मला वाटलं, चला, एक तरी धडधाकट आहे.

पण धाकट्या नर्सला सिस्टर म्हणाली, "मुलाला दर अर्ध्या तासाला बघायचं. मुलीला तासानं बघितलं तरी चालेल. वहीत लिहून ठेव."

माझ्या टाळक्यात तिडीक गेली. आम्ही चार बहिणी आणि भाऊ एक. दुधावरची साय कुणाच्या ताटात पडायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हटलं, वा! दवाखान्यात येऊनसुद्धा तेच. मुलगा गुलाबी, गरम, तरी त्याची अर्ध्या तासाला चौकशी. आणि जी पोर गार पडलीय तिची तासानं! मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुढचं टळलं असतं. सिस्टरनं मला तिथंच झापलं असतं आणि काय ते समजावलं असतं.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी तर मुलगा असा दिसत होता की कुणीही बघत राहावं. तळवे, कान, नाकाचा शेंडा, सगळं गुलाबी. मुलीचे हात-पाय मेणासारखे पांढरे आणि गार.

माझ्या शेजारच्या कॉटवर शेवगावची सरूबाई होती. तिचं बाळ पोटातच गेलं होतं आणि अंगात ताप होता म्हणून तिला ठेवून घेतलेलं. ती भिंतीला धरून धरून काचेपर्यंत आली आणि म्हणाली, "बाई बाई, किती गुलाबी हाय वो तुमचा ल्योक! बगतच ऱ्हावं वाटतं." तिचे डोळे भरले होते. आत्याबाई मागंच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा आक्रसला, तो मी बघितला.

सिस्टर जेवायला गेली. धाकट्या नर्सला बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली. मी एकटीच पाळण्यापाशी राहिले.

माझ्या वडिलांकडे शेळ्या होत्या. जुळी करडं झाली की तोंडात बोट घालून बघायचं. ज्याचं तोंड गार, त्याला आधी ऊब द्यायची, चुलीपाशी न्यायचं, पोत्यात गुंडाळायचं. ज्याचं तोंड गरम, त्याची काळजी करायची नाही, ते आपलं आपण उभं राहतं. हे मी लहानपणापासून करत आले होते, आणि माझ्या हातची करडं जगायची म्हणून वडील शेजारीपाजारी कौतुक सांगायचे.

मी मुलाच्या पायाला हात लावला, गरम. मुलीच्या पायाला लावला, गारठोण. मी मुलाच्या कडेची पिशवी काढली आणि मुलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. मनात म्हटलं, थोडाच वेळ. आणि खरं सांगते, मला चांगलं वाटलं. कुणीतरी एकदा पोरीच्या बाजूनं काहीतरी केलं, असं वाटलं.

मग मी दूध काढायला बाहेर गेले. छातीला दूध उतरत नव्हतं, वेळ लागला. परत आले तेव्हा पाऊण तास तरी झाला असेल. मुलगा शांत होता, अजून गुलाबीच. पिशवी मी परत त्याच्या कडेला ठेवली. पाणी कोमट झालं होतं, पण ते बदलायला सांगितलं तर का म्हणून विचारतील, म्हणून मी गप्प बसले.

जरा वेळानं त्याच्या ओठांभोवती करडी छटा आली. मग ती गालांवर पसरली. छाती हलायची थांबली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

* * *

सिस्टर हात धुता धुता तशीच धावत आली. तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, नळी लावली. कितीतरी वेळानं त्यानं एक उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. पेटीतल्या बाळाला एका बाजूला सरकवून तिनं आमच्या मुलालाही त्यातच घातलं. एका पेटीत दोघं.

"याला ऊब होती ना सगळा वेळ?" तिनं विचारलं.

"होती, सिस्टर. पिशवी कडेलाच आहे," धाकटी नर्स म्हणाली.

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

बाहेर आत्याबाईंनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सरूबाईच्या कॉटसमोर उभ्या राहून त्या म्हणत होत्या, "तुजं गेलं म्हनून आमच्यावर डोळा ठिवलास व्हय गं? काय म्हनालीस तू? गुलाबी हाय म्हनालीस. घटका गेली न्हाई तवर काळा पडला माजा नातू!"

"न्हाई वो आजी," सरूबाई म्हणाली. "माज्या मनात कायबी वंगाळ न्हवतं." मग तिनं भिंतीकडे तोंड केलं.

वॉर्डातल्या बायकांनी आपापली बाळं पदराखाली घेतली. सकाळी जी बाई सरूबाईला आपल्या तांब्यातलं पाणी देत होती, तिनं तांब्या उचलून पलीकडे ठेवला.

मी हे सगळं दारातून बघत होते. एका शब्दानं ते थांबलं असतं. पण तो शब्द बोलले तर मी माझ्याच लेकराची मारेकरी ठरणार होते, आणि अजून मला वाटत होतं की तो सावरेल आणि कुणाला काही सांगावंच लागणार नाही. भीतीनं माणूस किती हलकं होतं ते मला त्या दोन तासांत कळलं.

* * *

उन्हं उतरायच्या सुमारास त्याचा श्वास पुन्हा थांबला, आणि पुन्हा एकदा. डॉक्टरीणबाई आल्या. पोटात काही झालंय का, छातीत काही अडकलंय का, रक्तात काही भिनलंय का, असं त्यांचं आणि सिस्टरचं बोलणं चाललं होतं. त्या भलत्याच वाटेनं शोधत होत्या आणि योग्य वाट मला एकटीला माहीत होती.

मी म्हटलं, "पिशवी मी काढली होती."

आत्याबाई दारातच होत्या. मी सगळं सांगितलं. करडांचं सांगितलं, पाऊण तासाचं सांगितलं, कोमट पाण्याचंही सांगितलं.

सिस्टरचा चेहरा लालबुंद झाला. "दुपारीच का नाही बोललीस? दोन तास! दोन तास मी भलतंच शोधतेय!" मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण तिनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि ती कामाला लागली. डॉक्टरीणबाईंनी पेटी हळूहळू तापवायला सांगितली, एकदम नाही. दूध बंद. कुणी हात लावायचा नाही.

मग बऱ्याच वेळानं सिस्टर माझ्यापाशी येऊन स्टुलावर बसली. तिचा राग ओसरला होता, ती नुसती दमलेली दिसत होती.

"हे बघ," ती म्हणाली. "थंडी वाजली की मुलीचं शरीर रक्त आत ओढून घेतं. हात-पाय पांढरे पडतात, पण आत काळजाला, डोक्याला पुरतं. लहान असली तरी तिला ते जमतं. मुलाला नाही जमत. इतक्या लवकर आलेल्या मुलाचं रक्त सगळं कातडीपाशी पसरतं. बाहेरून गुलाबी दिसतो, आणि आत तुटवडा. त्यात कातडीतून ऊबही उडून जाते. म्हणून मी त्याला अर्ध्या तासाला बघत होते. लाड करायला नाही."

"असं पुस्तकात आहे?"

"पुस्तकाचं डॉक्टरीणबाईंना विचार. मी वीस वर्षं बाळं बघतेय. अशा वजनाचा गुलाबी मुलगा दिसला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मी विचारलं, "मीच केलं ना हे?"

दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती. सिस्टर म्हणाली, "मला माहीत नाही. पिशवी असती तरी तो कदाचित पडलाच असता. काढल्यामुळं लवकर पडला असेल. हे मला कधीच सांगता येणार नाही, आणि तुलाही नाही."

त्या उत्तराचा मला फार राग आला होता. आज वाटतं, तेवढंच एक उत्तर खरं होतं, म्हणून ते पुरलं.

आत्याबाई इतका वेळ चौकटीला टेकून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, येक इचारू का? दोन दिसाचं, लालबुंद, आठव्यातलं पोरगं... कुनी कायबी न करता जातं का?"

"जातं, आजी," सिस्टर म्हणाली. "मुलगे जास्त जातात."

"कुनी बगितलं न्हाई तरी?"

"कुणी बघितलं नाही तरी."

आत्याबाईंनी मान खाली घातली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं बोचकं उचललं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीनं काष्टीला निघून गेल्या.

* * *

मी समजले, संपलं. नातवाचा घात करणाऱ्या सुनेचं तोंडसुद्धा त्यांना बघायचं नव्हतं. आमचे हे आदल्या संध्याकाळीच आले होते, त्यांना सगळं समजलं होतं. ते व्हरांड्यात बसून राहायचे, औषधाची चिठ्ठी आणायचे, डबा आणायचे. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री निजायला धर्मशाळेत जाताना एवढंच म्हणाले, "आता कुठल्याच पोराला हात लावू नकोस." त्यांनी ते ओरडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते क्रमानं सांगता येणार नाही. मुलाचा श्वास पहिल्या दिवशी सहा वेळा थांबला, दुसऱ्या दिवशी चार वेळा. मी काचेबाहेर उभी राहून त्याच्या छातीकडे बघायचे, आणि माझाही श्वास आपोआप रोखला जायचा. पाय सुजले. सिस्टर मला बाहेर हाकलायची, मी वळसा घालून परत यायचे. मुलगी मात्र पांढरीच्या पांढरी, गारच्या गार, आणि दर दोन तासांनी ड्रॉपर चोखायला हळूहळू शिकत होती. तिच्याकडे बघितलं की मला अपराधी वाटायचं, आणि नाही बघितलं की जास्तच वाटायचं.

त्यात दूध आटलं. काळजीनं आटतं असं म्हणतात, ते माझ्याबाबत तरी खरं झालं. वाटीत नुसता ओलावा यायचा. मुलाला नळीतून दूध सुरू करायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि द्यायला दूध नाही. सिस्टर वॉर्डभर फिरून आली. दोन बायकांनी नाही म्हटलं. ज्या घरावर नजर पडलीय त्या घराला दूध कसं द्यायचं, असं त्यांच्या मनात असावं.

दुपारी सरूबाईनं मला हाक मारली. तिचा ताप उतरला होता. बाळ नव्हतं, पण दूध आलं होतं. छाती दाटून तिला कळा लागत होत्या, हे मला शेजारी असून समजलं नव्हतं. तिच्या हातात स्टीलची वाटी होती, पदरानं झाकलेली.

"सिस्टरबाईला इचारून काडलंय," ती म्हणाली. "पर तुमच्या सासूबाईस्नी चालंल का?"

मी तिच्या पायाशी बसले आणि हमसून हमसून रडले. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "उटा, निवंल ते." तिनं पाच दिवस दोघांना दूध दिलं. घरी जायला मोकळी झाली तरी नवऱ्याला सांगून दोन दिवस जास्त राहिली.

* * *

मुलगा वाचला. हे इथंच सांगून टाकते. माझ्यासारखी कुणी बाई हे वाचत असेल तर तिला ताटकळत ठेवणं बरं नाही. सहाव्या दिवशी तो सबंध दिवस न थांबता श्वास घेत राहिला. रूथ सिस्टरनं टाच दाबली, सोडली, मोजलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. "आता याला अक्कल आली," ती म्हणाली. त्याचे पाय त्या दिवशी बहिणीसारखे जरासे पांढुरके आणि गार होते. मला ते जगातले सगळ्यांत सुंदर पाय वाटले.

त्याच दिवशी दुपारी आत्याबाई परत आल्या. एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागं एक बारकी म्हातारी होती. डोळ्यांवरून पदर खाली ओढलेला, वॉर्डातल्या कॉटांकडे न बघता जमिनीकडे बघत चाललेली. जवळ आल्यावर मी ओळखलं. त्या भागाकाकी होत्या, आत्याबाईंच्या धाकट्या जाऊबाई.

आमच्या गल्लीत त्यांचं घर तिसरं. पण लग्न होऊन आल्या दिवशीच मला सांगितलं होतं, त्या दारात जायचं नाही, त्यांच्या हातचं काही घ्यायचं नाही, आणि दिवस राहिले की त्यांच्या समोरून जायचं नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. गावात बारसं असलं की भागाकाकी आपणहून घरात बसायच्या.

आत्याबाई माझ्या कॉटवर टेकल्या. त्यांचा आवाज बसला होता.

"माजा पैला ल्योक," त्या म्हणाल्या. "आठव्यातला. दोन दिसाचा हुता, आसाच लालबुंद. ही आली, म्हनली, आक्का, किती गुलाबी पोरगं हाय. दुसऱ्या दिशी सकाळी गेला. मी म्हनलं, हिच्याच नजरंनं गेला. साऱ्या गावाला सांगितलं. हिला मूल झालं न्हाई, मंग तर समद्यांनाच खरं वाटलं. तीस वर्सं झाली. त्या दिशी सिस्टरबाई बोलल्या, तवा माज्या पायाखालची जमीन सरकली बग. परवा जाऊन हिच्या दारात बसले. दोन दिस ही दार उगडंना."

भागाकाकी काचेकडे पाठ करून उभ्या होत्या. बाळं असतील त्या बाजूला पाठ करायची, ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय होती.

पलीकडच्या कॉटवरून सरूबाई बघत होती. आत्याबाई उठून तिच्यापाशी गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "चुकलं माजं, लेकी," म्हणाल्या. मग त्या भागाकाकींकडे आल्या.

"चल, बग माजा नातू."

"नगं, आक्का. बरा हाय म्हनतीस ना? मंग झालं." भागाकाकींनी पदर आणखी खाली ओढला. "मी न्हाई बगत. कुनाच्या लेकराला न्हाई बगत मी."

आत्याबाईंनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं आणि काचेकडे वळवलं. "बग गं भागा. डोळं भरून बग. मी सांगती ना."

भागाकाकींनी पदर वर केला आणि काचेला कपाळ टेकलं. मला भीती वाटली. सिस्टरनं सांगितलेलं सगळं समजलं होतं, पटलंही होतं, तरी वाटली, खोटं कशाला बोलू? पेटीत तो झोपला होता, छाती बारीक वरखाली होत होती. पुढं होऊन काचेवरचा पडदा ओढावा असं मला वाटलं. मी दोन्ही हात मागं धरून ठेवले, आणि त्यांना हवा तेवढा वेळ बघू दिलं.